३८१ माणसं, ६४ फेऱ्या: कोबायाशी मारू प्रकल्पाच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

कोथरूडमधल्या सोसायटीचा हॉल मिळाला, दर रविवारी दुपारी दोन ते सहा. म्हणजे आता खरंच करायचं.

नवीन येणाऱ्यांसाठी एकदाच नीट लिहून ठेवतो. १९८२ च्या स्टार ट्रेक टू सिनेमाची सुरुवात एका परीक्षेने होते. कॅप्टनच्या खुर्चीत बसलेल्या ट्रेनीला कॉल येतो की कोबायाशी मारू नावाचं इंधनवाहू जहाज ग्रॅव्हिटिक माइनवर (अवकाशातल्या सुरुंगावर) आदळलंय, पॉवर गेलीये, हलला (जहाजाच्या बाहेरच्या कवचाला) भोक पडलंय, आत ८१ क्रू आणि ३०० प्रवासी. आणि जहाज अडकलंय न्यूट्रल झोनमध्ये, तिथे पाऊल टाकलं की क्लिंगॉन या शत्रूंशी केलेला तह मोडला. शिरलात की त्यांच्या तीन क्रूझर (युद्धनौका) अंगावर येतात आणि खेळ खलास, नाही शिरलात तर ३८१ माणसं डोळ्यांदेखत जातात. परीक्षा जिंकण्यासाठी बनवलेलीच नाहीये, कॅप्टन हरताना कसा वागतो ते बघायला बनवलीये. सिनेमाचा नायक कर्क, त्याने तिसऱ्या वेळी बसताना प्रोग्रॅमच बदलून टाकला हे तर सगळ्यांना पाठ आहे.

मला त्यातलं वेगळंच काहीतरी कित्येक वर्षं छळतंय. या विषयावर बोलणं निघालं की दोनच गोष्टी होतात, कर्कने केलं ती चीटिंग की हुशारी, आणि मरणाला सामोरं कसं जायचं. पण त्या ३८१ मधली किती माणसं बाहेर काढता आली असती हे कुणी मोजतच नाही! शून्य आणि ३८१ च्या मध्ये केवढी जागा आहे. तीच मोजायची, खरी माणसं खऱ्या कन्सोलवर बसवून.

सॉफ्टवेअर एम्प्टी एप्सिलॉन, अवकाशयान टीमने मिळून चालवायचा खेळ. ओपन सोर्स आहे, लॅनवर चालतं, प्रत्येक लॅपटॉपवर एक स्टेशन: हेल्म (सुकाणू), वेपन्स, इंजिनिअरिंग, सायन्स, रिले (संपर्क). कॅप्टनला बटणं नाहीत, त्याने फक्त मोठ्या स्क्रीनकडे बघायचं आणि बोलायचं. सिनारिओ लुआ या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिता येतो.

५ जून

स्क्रिप्ट लिहायच्या आधी वहीत गणित मांडलं आणि तिथेच अडकलो, बराच वेळ.

ट्रान्सपोर्टर म्हणजे माणसांना एका जहाजावरून थेट दुसऱ्यावर आणणारं यंत्र. त्याच्या पॅडवर एका वेळी सहा माणसं. ३८१ भागिले ६, म्हणजे ६४ फेऱ्या. आम्ही एका फेरीला १० सेकंद धरले. एकूण ६४० सेकंद, १० मिनिटं ४० सेकंद. आणि मालिकेतला सगळ्यांना माहीत असलेला नियम असा की शील्ड (जहाजाभोवतीचं संरक्षक कवच) वर असताना ट्रान्सपोर्टर चालत नाही. म्हणजे तीन क्रूझर समोर असताना पावणेअकरा मिनिटं उघड्या अंगाने उभं राहायचं. सगळी परीक्षा या एका नियमात आहे. शत्रू तीन आहेत की पाच याने फार फरक पडत नाही, वाचवायचं आणि वाचायचं ही दोन्ही कामं एकाच वेळी करता येत नाहीत, पेच तो आहे.

अजून एक आकडा. जुन्या मालिकेत कर्कच्या जहाजावर, एंटरप्राइजवर, साधारण ४३० माणसं असतात. म्हणजे ३८१ वाचवायला ४३० पणाला लावायची. हे कॅप्टनच्या टेबलावर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवायचं ठरलं.

८ जून, रविवार

तपकीर गल्ली, म्हणजे पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. स्विच, लाल एलईडीच्या पट्ट्या, लॅन केबल, एक जुना बझर. रविवारी निम्मी दुकानं बंद असतात, पण पाहिजे ते मिळालं.

१२ जून, गुरुवार

गुरुवार, म्हणजे वीजवाल्यांचा दुरुस्तीचा दिवस, त्यामुळे सकाळपासून लाईट नाही. कागदावरच काम केलं आणि ते बरंच झालं, कारण कंप्युटरसमोर बसलं की मी नुसता कोड लिहीत सुटतो.

खऱ्या जगात कुणी हे केलंय का ते शोधत होतो आणि कार्पेथिया सापडली. १५ एप्रिल १९१२, रात्री साडेबाराच्या आसपास टायटॅनिकचा संदेश मिळाला, अंतर ५८ मैल, वाटेत सगळीकडे बर्फ. कॅप्टन रोस्ट्रॉनने जहाज वळवलं आणि प्रवाशांच्या खोल्यांचं हीटिंग आणि गरम पाणी बंद करून ती सगळी वाफ इंजिनाला दिली. हे वाचून मी उठून उभाच राहिलो, कारण आपल्या इंजिनिअरिंग स्टेशनला नेमकं हेच करायचं असतं! पण त्याच्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याने वाटेतच सगळी तयारी करून घेतली. बोटी बाहेर काढून ठेवल्या, बाजूचे दरवाजे उघडून दिवे लावले, वर ओढायला खुर्च्यांचे झोके आणि लहान मुलांसाठी कॅनव्हासच्या पिशव्या, जेवणाच्या हॉलमध्ये डॉक्टर, गरम सूप, आणि डेकवर जादा टेहळे. पहाटे चारला पोचल्यावर तयारीत एक मिनिट गेलं नाही, थेट माणसं घ्यायला सुरुवात. सातशेच्या वर माणसं वाचली.

आमच्या स्क्रिप्टमध्ये याचा सरळ हिशोब बसतो. तिन्ही क्रूझर ठरलेल्या जागी उभ्या असतात, आपण न्यूट्रल झोनची रेघ ओलांडली की निघतात आणि चार मिनिटांत मारूपाशी येतात. आपल्याला रेघेपासून मारूपर्यंत दोन मिनिटं लागतात. उरली दोन. त्यात ट्रान्सपोर्टर गरम व्हायला अर्धं मिनिट, राहिलं दीड, म्हणजे ९ फेऱ्या, ५४ माणसं. ट्रान्सपोर्टर वाटेतच गरम करून ठेवला तर १२ फेऱ्या, ७२. आणि वेपन्सची पॉवर काढून इम्पल्स इंजिनाला (जहाज पुढे ढकलणाऱ्या इंजिनाला) दिली, कूलंट तिकडे वळवलं आणि ४० सेकंद आधी पोचलो तर आणखी ४ फेऱ्या, ९६. एक गोळी न झाडता ५४ चे ९६ होतात.

संध्याकाळी लाईट आल्यावर हे सगळं लुआमध्ये टाकलं.

२१ जून

पालख्या पुण्यात आहेत, रस्ते बंद, सगळ्यांना जमणं शक्य नव्हतं. फोनवरच मीटिंग घेतली आणि सगळ्यात मोठा वाद मिटवला.

वाद असा. सिनेमातली परीक्षा लबाड आहे, ट्रेनी कितीही चांगला खेळला तरी सिम्युलेटर त्याला हरवतोच. एम्प्टी एप्सिलॉनमध्ये जीएम (गेम मास्टर, खेळ चालवणारा) स्क्रीन असते, तिथून चालू खेळात नवीन जहाजं टाकता येतात. लाइटिंग करणारा मित्र (पुरुषोत्तम करंडक स्पर्धेची कितीतरी नाटकं केलेला माणूस) म्हणत होता की टाकूया, प्रसंग रंगतो, खचलेला कॅप्टन बघायला मिळतो. माझा ठाम विरोध होता. एकदा का नियम मधेच बदलले की टीमने लढवलेल्या कुठल्याच युक्तीला अर्थ उरत नाही, मग कर्कचं प्रोग्रॅम बदलणंच एकमेव बरोबर उत्तर ठरतं. लबाड परीक्षेला लबाडी हे न्याय्य उत्तर आहे असं मला मनापासून वाटतं, आणि म्हणूनच परीक्षा लबाड नको. तीनच क्रूझर, त्यांची जागा ठरलेली, वेग ठरलेला, बीम (किरणांचा मारा) सुटण्याचा वेळ ठरलेला. जीएम स्क्रीन उघडायचीच नाही.

ताईचा मुद्दा चांगला होता. ती म्हणाली, "अरे, मग ती न जिंकता येणारी कुठे राहिली?" राहिली. पूर्ण ३८१ कुणालाच जमणार नाहीत, ते गणितच सांगतंय. ४७ व्या फेरीला थांबायचं की ४८ व्या, हे मात्र आता टीमच्या हातात आहे.

२९ जून, रविवार

पहिली पूर्ण टीम बसली. रेघ दिसली, कॅप्टन ओरडला "चला", दोन मिनिटांत मारूपाशी, तोंड थेट शत्रूच्या बाजूला, शील्ड खाली, फेऱ्या सुरू. क्रूझर आल्या तेव्हा जहाज वळवायलाच इतका वेळ गेला की वळेपर्यंत मागची शील्ड संपली. सगळं गेलं, जहाजावर घेतलेलेसुद्धा. म्हणजे वाचले शून्य.

नाटकवाला मित्र हॉलच्या मागच्या स्वयंपाकघरात वॉकीटॉकी घेऊन मारूचा कॅप्टन झाला होता. तो "अजून प्रवासी आहेत, लहान मुलं आहेत" असं बोलत राहिला आणि हॉलमधलं एकही माणूस "आता निघूया" म्हणालं नाही. हे लक्षात ठेवायचं.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी, ताईने सगळ्यांसाठी खिचडी आणली. आज फक्त भूमिती.

एक: आधी प्रोब, म्हणजे टेहळणीची छोटी यंत्रं. रिलेकडे आठ प्रोब असतात आणि ते रेघेच्या अलीकडूनच सोडता येतात. प्रोबने सायन्सला दिसतं की कुठली क्रूझर किती लांब आहे. त्याच्या आधी हेही कळतं की मारू खरंच तिथे आहे का, कारण डिस्ट्रेस कॉल म्हणजे आमिष असू शकतं. रेघेच्या अलीकडे घालवलेला वेळ आमच्या नियमात फुकट आहे, कारण क्रूझर अजून हललेल्या नसतात. तरी टीमला तिथे थांबवतच नाही, कॉल ऐकला की सगळे पळत सुटतात.

दोन: तोंड घराकडे. गाडी पार्क करताना ज्याला लवकर निघायचंय तो जसा ती उलटी लावतो तसं. मारूपाशी पोचायच्या आधीच वळायचं आणि शेवटचं अंतर रिव्हर्स इम्पल्सने जायचं. हेल्मला अवघड आहे, पण पुढे वळण्यात जाणारा सगळा वेळ वाचतो.

तीन: मारूची आड. मारू मोठी आहे, तिच्या जवळ राहून हळूहळू तिच्याभोवती फिरत राहिलं तर एक क्रूझर नेहमी तिच्या पलीकडे राहते. यावर आमच्यात बरंच बोलणं झालं, कारण म्हणजे आपण जखमी जहाजाची ढाल करतोय. मला हे पटत नाही. आकडा चांगला येतो तरीही. आत माणसं असेपर्यंत मारूची आड घ्यायची नाही असा नियम मी मांडला, मतदान झालं, मान्य झाला.

टोइंगचाही विचार झाला. ट्रॅक्टर बीमने (ओढून नेणाऱ्या किरणाने) मारूलाच रेघेबाहेर ओढायचं. पण हलला भोक आहे, जोरात ओढलं की फाटणार, हळू ओढलं की क्रूझर गाठणार. स्क्रिप्टमध्ये ठेवलंय, पण भरवशाचं नाही.

१० जुलै

शील्डचा ठेका. ही युक्ती इंजिनिअरिंगवर बसणाऱ्या कॉलेजच्या पोराची आणि मला फार आवडली.

आमच्या नियमात १० सेकंदांच्या फेरीत शेवटचे ४ सेकंदच शील्ड खाली लागते, आधीचे सहा लॉक करण्यात जातात. शील्ड परत वर यायला एक सेकंद. क्रूझरचा बीम दर ६ सेकंदांनी सुटतो. म्हणजे बीम आदळला की लगेच शील्ड खाली, चार सेकंदांत माणसं आत, एक सेकंदात शील्ड वर, आणि पुढचा बीम शील्डवर आदळतो. पाच सेकंद सहाच्या फटीत बसतात. सायन्सने बीम मोजत मोठ्याने आकडे म्हणायचे, इंजिनिअरिंगने त्या ठेक्यावर शील्ड आणि ट्रान्सपोर्टर चालवायचा. आवर्तन धरल्यासारखं चालतं ते, ऐकताना अंगावर काटा येतो.

पण हे एकाच क्रूझरपुढे चालतं. दोन आल्या की त्यांचे ठेके जुळत नाहीत, दर फेरीला एक फटका उघड्या हलवर बसतो. तीन आल्या की विसराच. म्हणून प्रोबची माहिती इथे उपयोगी पडते: कुठली क्रूझर आधी येणार ते बघून दुसरी शक्य तितकी उशिरा येईल अशा बाजूने शिरायचं. वेपन्सने कुणाला मारायच्या फंदात पडायचं नाही. पहिल्या क्रूझरच्या इम्पल्स इंजिनावर नेम धरायचा, ती लंगडी झाली की तिघींचं कडं एका बाजूने उघडं राहतं. आणि परतीच्या वाटेवर, आपण गेल्यावर मागे, माइन्स.

१३ जुलै, रविवार

आज १३ जुलै, पावनखिंड. सकाळी तेच डोक्यात होतं आणि दुपारी सगळी चर्चा तिकडेच गेली.

१६६० ची ती रात्र आपण लहानपणापासून ऐकतो ती बाजीप्रभूंच्या शौर्यासाठी, आणि ते आहेच. पण डावपेच म्हणून बघा. पालखीत शिवा काशीद, म्हणजे पाठलाग चुकीकडे वळवला. खिंड अरुंद, म्हणजे शत्रूची संख्या निरुपयोगी केली. आणि तिसरी गोष्ट, जिच्यावर आपण कमी बोलतो: विशाळगडावरून तोफेचा आवाज. खिंडीत उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं की काम कधी संपतं. ते आधीच ठरलेलं होतं, लढाईच्या मध्यात कुणाला ठरवायचं नव्हतं, आणि तो इशारा येणार होता लढाईच्या बाहेरून.

आमच्या टीम्सकडे तोफ नाही. आत्तापर्यंत जे जे बुडाले ते सगळे याच एका गोष्टीने बुडाले. युक्त्या चांगल्या होत्या, फेऱ्या भराभर होत होत्या, फक्त थांबायचं कधी हे कुणी ठरवलं नव्हतं, आणि मारूचा आवाज कानात असताना ते कुणालाही ठरवता येत नाही.

तर नवीन नियम. रेघ ओलांडायच्या आधी टीमने थांबायची अट कागदावर लिहायची. "निघा" म्हणायचं इंजिनिअरिंगने, कॅप्टनने नाही. आणि इंजिनिअरिंगच्या टेबलावर मारूचा स्पीकर नाही, तिचा आवाज फक्त कॅप्टन आणि रिलेला.

१७ जुलै, गुरुवार

परत लाईट नाही. नासाच्या कोलंबिया यानाच्या अपघाताचा चौकशी अहवाल वाचत बसलो, आधीच डाउनलोड केलेला होता.

१६ जानेवारी २००३ ला उड्डाण, ८२ व्या सेकंदाला फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला, दुसऱ्या दिवशी ते व्हिडिओत दिसलं. इंजिनिअरांनी कक्षेतल्या यानाचे फोटो मागितले, वरच्यांनी ते होऊ दिलं नाही. १ फेब्रुवारीला परत येताना यान तुटलं, कल्पना चावलांसह सातही जण गेले. चौकशी मंडळाने नंतर हिशोब करायला लावला की वाचवता आलं असतं का. अटलांटिस हे दुसरं यान १ मार्चच्या उड्डाणासाठी तयार होत होतं, रात्रंदिवस काम केलं आणि कुठेही काही चुकलं नाही तर १० फेब्रुवारीला उडू शकलं असतं. कोलंबियात कार्बन डायऑक्साइड शोषणारे डबे काटकसरीने वापरले तर १५ फेब्रुवारीपर्यंत पुरले असते. मध्ये पाच दिवसांची फट. अतिशय धोक्याची, पण फट. आणि ती वापरायची तर पहिल्याच काही दिवसांत फोटो काढून खात्री करून घ्यायला हवी होती.

हे वाचून मला नीट काही सुचेना. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रोब सोडलाच गेला नाही. २००९ मध्ये हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीच्या मोहिमेला अटलांटिस गेलं तेव्हा दुसऱ्या लाँचपॅडवर एन्डेव्हर बचावासाठी तयार उभं करून ठेवलं होतं. लागलं नाही, पण उभं होतं.

२० जुलै, रविवार

थांबायच्या अटीवर काम. "मागची शील्ड ३५ टक्के झाली की निघायचं" अशी साधी अट घेऊन खेळलो आणि पहिल्यांदाच माणसं घेऊन जहाज रेघेबाहेर आलं, १३८ जण. हॉलमध्ये टाळ्या, खालच्या मजल्यावरचे आजोबा वर बघायला आले.

नंतर वहीत बसून बघितलं तर अट अजून सुधारता येते. सुरुवातीला पुढच्या सहा जणांसाठी आपण ४३० लावतोय. १०० जण घेतल्यावर पुढच्या सहांसाठी ५३० लावतोय. २०० घेतल्यावर ६३०. प्रत्येक फेरीला पणाला लागलेली माणसं वाढतात आणि मिळणारी मात्र तीच सहा. म्हणून थांबायची रेघ स्थिर नको, चढती पाहिजे: १०० पर्यंत शील्ड ३० टक्क्यांपर्यंत उतरू द्या, २०० पर्यंत ४०, त्यापुढे ५० ला निघा. यश मिळायला लागलं की माणूस उलट करतो, छान चाललंय म्हणून जास्त थांबतो.

२७ जुलै, रविवार

आजच्या टीमने जायचं नाही असं ठरवलं. प्रोब सोडले, मारू खरी आहे हे बघितलं, सगळ्या चॅनेलवर क्लिंगॉनांना कळवलं की हा बचाव आहे, तुम्हीच काढा नाहीतर आम्हाला येऊ द्या. उत्तर आलं नाही (स्क्रिप्टमध्ये उत्तरच नाहीये, ते आता लिहायला हवं) आणि रेघेवर थांबून राहिले. नंतर काही जण त्यांना भित्रे म्हणाले, ते मला अजिबात आवडलं नाही. १९८२ च्याच आंतरराष्ट्रीय सागरी कायद्यात, कलम ९८ मध्ये, संकटातल्या माणसांना मदत करणं कॅप्टनचं कर्तव्य म्हणून लिहिलंय, आणि त्याच वाक्यात हेही आहे की स्वतःचं जहाज, क्रू आणि प्रवासी गंभीर धोक्यात न घालता जितकी करता येईल तितकी. ४३० माणसांची जबाबदारी असलेल्या माणसाने हा निर्णय घेतला तर तो विचार करून घेतलेला निर्णय आहे. मी स्वतः गेलो असतो. पण स्कोअरशीटवर "न जाणे" हा रकाना आजपासून हरण्यात धरायचा नाही.

३ ऑगस्ट, रविवार

सोसायटीतल्या एक काकू कॅप्टन झाल्या. सायन्स फिक्शनशी काही संबंध नाही, बँकेत आयुष्य गेलं. कॉल आल्यावर टीम निघायची घाई करत होती, त्या म्हणाल्या, "थांबा रे, आधी मला सांगा किती लोक, किती वेळ, आणि आपलं काय काय जाऊ शकतं." रेघेच्या अलीकडे त्यांनी सगळ्यांना चार मिनिटं बसवलं. प्रोब गेले, ट्रान्सपोर्टर गरम झाला, चढती अट कागदावर लिहून इंजिनिअरिंगच्या पोराच्या हातात दिली आणि त्याला म्हणाल्या, "मी नको म्हणाले तरी तू निघायचं, कळलं?"

उलट्या शिरल्या. पहिल्या क्रूझरसमोर शील्डचा ठेका जवळजवळ दोन मिनिटं टिकला. दुसरी आल्यावर फटके बसायला लागले, हलचा अलार्म वाजला, मारूवरून नाटकवाला मित्र मुलांची नावं घेऊन बोलत होता आणि काकू खरंच म्हणाल्या, "अजून एक फेरी." पोराने शील्ड वर घेतली आणि ट्रान्सपोर्टर बंद केला. २०४ माणसं रेघेबाहेर आली.

काकू नंतर त्याच्यावर चिडल्या नाहीत, पण खुर्चीतून लगेच उठल्याही नाहीत. त्यांनी विचारलं की उरलेल्या १७७ जणांचं पुढे काय होतं, तुमच्या कंप्युटरमध्ये? आत्ता काहीच होत नाही, आपण रेघ ओलांडली की सिनारिओ संपतो. हे बरोबर नाही. निघताना मारूवर प्रोब सोडून तिचा आवाज चालू राहावा, क्रूझर तिच्याजवळ थांबतात का ते दिसावं, आणि दुसऱ्यांदा जायचं का हा प्रश्न टीमपुढे यावा.

आता पुढचे रविवार हॉल गणपतीच्या तयारीला जातोय, विसर्जनानंतर परत मिळेल. तोपर्यंत करायचं: मारूचा दुसरा भाग लुआमध्ये, क्लिंगॉनांची रेडिओवरची उत्तरं (निदान तीन प्रकारची, त्यातलं एक खरंच मदतीचं), टोइंगची मर्यादा परत तपासायची, आणि इंजिनिअरिंगच्या टेबलाला कॅप्टनचा आवाजही बंद करता येईल असा एक स्विच. तो तपकीर गल्लीतून मी आणतो.